डाग ओळखून धुणे: खानदेशातील घरांसाठी मार्गदर्शक

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारला प्रथमच खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना आणि नव्याने संसार मांडणाऱ्यांना धुण्याचे काम साबण, बादली आणि दोरी एवढ्यावर भागेल असे वाटते. रोजची धूळ आणि घाम असेपर्यंत ते भागतेही. अडते ते डागापाशी. शेवभाजीची तर्री शर्टावर सांडली की माणूस घाईघाईने त्यावर साबणाची वडी घासतो, वरून गरम पाणी ओततो, आणि जो डाग अर्ध्या तासात निघाला असता तो कपड्याच्या आयुष्यभराचा सोबती होतो. पुरेसे न घासल्यामुळे डाग राहिला असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा पहिल्याच हाताला चुकीचा पदार्थ लावल्यामुळे तो पक्का होतो. म्हणून कपड्याला हात लावण्यापूर्वी डाग कशाचा आहे, कापड कोणते आहे आणि डाग पडून किती वेळ झाला आहे, या तीन गोष्टी मनाशी निश्चित कराव्यात.

तिसरी गोष्ट खानदेशात विशेष महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कोरड्या गरम वाऱ्यात ओला डाग पाहता पाहता वाळतो. कोकणातल्या दमट हवेत जो डाग संध्याकाळपर्यंत ओलसर राहील, तो इथे जेवण आटोपेपर्यंत कडक झालेला असतो. धुणे लगेच शक्य नसेल, तर निदान डागाची जागा ओली ठेवावी. त्यावर साध्या पाण्यात भिजवलेले फडके ठेवले किंवा कपडा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, तरी पुढचे अर्धे काम सोपे होते. याला अपवाद दोनच, तेलकट डाग आणि काळ्या मातीचा चिखल. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पाण्याची परीक्षा

साबण बदलून बदलून थकलेल्या माणसाने एकदा आपल्या पाण्याकडे पाहावे. खानदेशातल्या अनेक गावांत आणि शहरांच्या नव्या वस्त्यांत धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते पुष्कळदा जड असते. तूरडाळ लवकर शिजत नसेल, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल आणि बादलीत साबणाचा फेस होण्याऐवजी करडा, दह्यासारखा फाटलेला साका तरंगत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून तो चिकट साका तयार होतो. साबण तिथेच खर्ची पडतो, डागापर्यंत पोहोचत नाही, आणि उलट तो साकाच कपड्यावर बसून पांढरे कपडे करडे दिसू लागतात.

यावर उपाय स्वस्त आहे. बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा २ चहाचे चमचे टाकून ढवळावे, थोडा वेळ थांबावे आणि मगच साबण किंवा पावडर घालावी. सोड्यामुळे पाण्यातले क्षार खाली बसतात आणि साबणाला त्याचे काम करता येते. वडीच्या साबणाऐवजी डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरल्यासही जड पाण्याचा त्रास कमी होतो. सोड्याचे पाणी हाताला झोंबते, म्हणून हातमोजे घालावेत, आणि रेशमी किंवा लोकरीचे कपडे या पाण्यात कधीही बुडवू नयेत.

घरात काय असावे

फार सामान लागत नाही. भांडी घासण्याचे लिक्विड, डिटर्जंट, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबू, पांढरे व्हिनेगर, मीठ, टाल्कम पावडर, सर्जिकल स्पिरिट किंवा हाताचे सॅनिटायझर, मऊ झालेला जुना टूथब्रश आणि पांढऱ्या सुती कापडाची चार-सहा फडकी एवढे पुरेसे आहे. फडकी पांढरीच असावीत, कारण रंगीत फडक्याचा रंग ओल्या कपड्यावर उतरतो आणि एका डागाचे दोन होतात. यात भर घालायची असेल, तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर आणावी. क्लोरीनच्या ब्लीचपेक्षा ती बरीच सौम्य असते आणि बहुतेक पक्क्या रंगांच्या सुती कपड्यांना चालते.

कोणताही डाग काढताना हाताची पद्धत मात्र एकच असते. घट्ट पदार्थ सांडला असेल, तर तो चमच्याच्या बोथट कडेने वरच्यावर उचलून घ्यावा, आत दाबू नये. मग कोरडे फडके डागावर ठेवून दाबावे आणि उचलावे. चोळल्याने डाग पसरतो आणि धाग्यांच्या आत शिरतो. यानंतर कपडा उलटा करावा, डागाच्या खाली दुसरे फडके ठेवावे आणि जे काही लावायचे ते उलट्या बाजूने लावावे. त्यामुळे डाग आला त्याच वाटेने बाहेर पडतो, कापडाच्या आरपार जात नाही. लावण्याची सुरुवात डागाच्या कडेपासून करून मध्याकडे यावे, म्हणजे भोवती कडे उमटत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, वापरायचा पदार्थ शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाच-दहा मिनिटे थांबावे. रंग उतरला, तर तो पदार्थ त्या कपड्यासाठी बाद समजावा.

डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत कपड्याला इस्त्री करू नये. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेला अंश पक्का बसतो आणि मग पुढची मेहनत बहुधा वाया जाते.

हळद आणि तर्री

आपल्या स्वयंपाकघरातला सर्वांत हट्टी डाग हळदीचा. त्यात शेवभाजीची किंवा काळ्या मसाल्याच्या रश्श्याची तर्री असली, की तेल, तिखटाचा लाल रंग आणि हळदीचा पिवळा रंग असे तीन डाग एकावर एक बसलेले असतात. त्यांचा क्रम समजला, की काम सोपे होते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात सहज विरघळते, आणि मिरचीचा लाल रंगही तसाच आहे. तेल कापडात जिथे जिथे शिरते तिथे हे दोन्ही रंग त्याच्याबरोबर जातात. म्हणून पहिला वार तेलावरच करावा.

तर्री सांडलेल्या जागेवर पाणी घालू नये. वरचा रस्सा टिपून घेतल्यावर त्यावर टाल्कम पावडरचा जाड थर द्यावा आणि २० ते ३० मिनिटे तसाच राहू द्यावा. पावडर नसेल, तर ज्वारीचे पीठ चालेल. बेसन मुळीच वापरू नये. पावडर तेल शोषून पिवळसर होते. ती झटकून टाकावी आणि कोरड्याच डागावर भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून बोटाच्या टोकाने हलक्या हाताने मुरवावेत. इथे पुष्कळ जण आधी कपडा भिजवतात आणि मग लिक्विड लावतात. तसे केल्यास धाग्यांत आधीच पाणी भरलेले असल्यामुळे लिक्विड तेलापर्यंत नीट पोहोचत नाही. दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावे आणि तेलकटपणा जाईपर्यंत हीच कृती पुन्हा करावी.

आता उरतो तो पिवळा डाग, आणि त्यावर साबण किंवा सोडा लागताच तो भडक लाल होतो. नवखा माणूस हे पाहून घाबरतो आणि अधिक जोराने घासू लागतो. घाबरण्याचे कारण नाही. हळदीचा रंग साबणासारख्या क्षारधर्मी पदार्थात लाल होतो आणि आम्लात पुन्हा पिवळा होतो. लाल झालेल्या जागेवर लिंबाचे चार थेंब पिळले, तर हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो. उरलेल्या पिवळ्या रंगावर खरा उपाय उन्हाचा आहे, आणि तो खानदेशात मुबलक आहे. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. धुतलेला कपडा ओला असतानाच डागाची बाजू वर करून थेट उन्हात पसरावा, वाळला की पुन्हा पाणी शिंपडावे, आणि संध्याकाळी पाहावे. पांढऱ्या सुती कपड्यावरचा डाग एक-दोन दिवसांत फिका होत होत नाहीसा होतो. रंगीत कपड्याचा मूळ रंगही उन्हात उतरतो, त्यामुळे तो तासा-तासाने पाहत राहावा.

इस्त्री टाळायची आणि ऊन मात्र द्यायचे, यात विरोध वाटण्याचा संभव आहे. इस्त्रीची उष्णता डाग पक्का करते, तर हळदीवर उन्हातला प्रकाश काम करतो. तेल आधी काढलेले असेल, तरच ऊन द्यावे. तेलासकट वाळवलेला डाग नंतर अधिक चिवट होतो. लग्नातल्या हळदीला जाताना जुने सुती कपडे घालण्याची आपल्याकडची रीत यासाठीच योग्य आहे. लोणच्याचा डागही तर्रीच्याच जातीचा असतो आणि त्यावरही हीच कृती करावी.

केळीचा चीक

रावेर आणि यावल तालुक्यांतल्या केळीच्या बागांत घड कापणाऱ्यांच्या खांद्यांवर आणि पाठीवर जे काळपट तपकिरी ठिपके दिसतात, ते चिकाचे असतात. हा डाग शेतकऱ्याच्या घरापुरता मर्यादित नाही. कच्च्या केळ्यांचे वेफर्स करणाऱ्या, केळफूल निवडणाऱ्या, किंवा घरी आलेल्या घडाच्या फण्या सुट्या करणाऱ्या कोणाच्याही ओढणीवर आणि बाह्यांवर तो पडतो. त्याचा धोका असा, की पडताना तो दिसतच नाही. ताजा चीक पाण्यासारखा असतो. कपडा कोरडा होतो, माणूस विसरून जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी तपकिरी ठिपका उमटलेला आढळतो. चिकातली टॅनिनसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावून गडद होतात आणि सुती धाग्याला घट्ट धरून बसतात.

तेव्हा चीक लागल्याचे जाणवताच, ठिपका दिसत नसला तरीही, ती जागा भरपूर साध्या पाण्याने धुवावी. साबण नंतर. साबण क्षारधर्मी असल्याने चीक काळा पडण्याची क्रिया त्यामुळे उलट वेगाने होते. पाण्याने धुतल्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पंधरा मिनिटे ठेवावे, पुन्हा पाण्याने धुवावे, आणि मगच नेहमीचा साबण लावावा. शेतात लिंबू नसेल, तर निदान ती जागा घरी पोहोचेपर्यंत ओली ठेवावी.

वाळून तपकिरी झालेला डाग पूर्णपणे निघेल असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. पांढरा किंवा पक्क्या रंगाचा सुती कपडा ऑक्सिजन ब्लीच घातलेल्या कडक गरम पाण्यात काही तास भिजवल्यास डाग फिका होतो, कधी कधी जातो, आणि दोन-तीन वेळा केल्यास फरक वाढतो. रॉकेलने चिकाचा चिकटपणा निघतो, पण रंग निघत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. घड कापलेला लोखंडी कोयता किंवा विळा कपड्याला पुसू नये. चिकातले टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा डाग तयार होतो, आणि त्यावर गंजाच्या डागावरचे उपाय करावे लागतात.

या डागावर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो पडू न देणे. बागेसाठी गडद रंगाच्या, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांचा एक जोड वेगळाच ठेवावा आणि खांद्यावर गोणपाट घ्यावे. घरात केळफूल निवडताना हातांना तेल लावावे आणि अंगावर जुने कापड बांधावे. तेलामुळे चीक हाताला चिकटत नाही आणि हातावरून कपड्यावर जात नाही.

दूध, रक्त आणि घाम

अंडे, दूध, दही, रक्त या डागांत प्रथिने असतात आणि ती उष्णतेने गोठतात. म्हणून येथे पहिले पाणी थंडच हवे. रक्ताचा ताजा डाग नुसत्या गार पाण्याच्या धारेखाली उलट्या बाजूने धरला, तर बराचसा निघून जातो. उरलेल्यासाठी कपडा मीठ घातलेल्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि मग डिटर्जंटने धुवावा. पांढऱ्या सुती कपड्यावर जुना डाग असेल, तर औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. बाटलीवर ३ टक्के लिहिलेले असेल तर तसेच, ६ टक्के असेल तर तेवढेच पाणी मिसळून ते डागावर थेंबाथेंबाने टाकावे. फेस येतो, तो टिपून घ्यावा आणि पुन्हा थेंब टाकावेत. मासिक पाळीच्या कपड्यांनाही हीच थंड पाण्याची रीत लागू आहे. ते कपडे कोपऱ्यात लपवून वाळवू नयेत. मोकळ्या उन्हात वाळवणे आरोग्यासाठी आवश्यक आहे.

काखेतला पिवळा डाग नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या अनेक डिओडरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घामाशी मिळून हा थर बनतो. खाण्याच्या सोड्याची पाण्यात केलेली दाट लापशी त्यावर लावून तासभर ठेवावी, ब्रशने हलकेच घासावे आणि धुवावे. तेवढ्याने भागले नाही, तर दुसऱ्या दिवशी व्हिनेगर लावून पाहावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची पद्धत अलीकडे फार पसरली आहे. फेस पाहून समाधान होते खरे, परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात आणि डागासाठी काही उरत नाही.

चहा, जांभूळ, आमरस

आपला चहा दुधाचा असतो, त्यामुळे त्यात दुधाची प्रथिने आणि चहाचे टॅनिन दोन्ही आले. आधी थंड पाणी, मग डिटर्जंट लिक्विड, मग कोमट पाणी, आणि तरीही पिवळट खूण राहिलीच तर पांढरे व्हिनेगर, असा क्रम ठेवावा. वडीच्या साबणाने चहाचा डाग पक्का होण्याचा संभव असतो.

जांभळाच्या डागावर साबण लावला की तो निळसर करडा होतो, कारण त्यातला रंग आम्लात लाल आणि क्षारात निळा दिसतो. आधी लिंबू किंवा व्हिनेगर लावावे. कपडा सुती आणि पक्क्या रंगाचा असेल, तर एक जुना उपाय आजही उत्तम चालतो. डागाची जागा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधावी आणि हातभर उंचीवरून उकळते पाणी बारीक धारेने त्यावर ओतावे. हे काम लहान मुले आसपास नसताना करावे. आखाजीच्या दिवसांत हमखास पडणाऱ्या आमरसाच्या डागाचा रंग मात्र हळदीप्रमाणे तेलात विरघळणारा असल्याने, साखरेचा भाग थंड पाण्याने काढल्यावर त्यावर भांड्यांचे लिक्विड आणि ऊन हेच उपाय करावेत. विड्याच्या डागावर दही किंवा लिंबू लावून ठेवतात आणि ताज्या डागावर त्याचा उपयोग होतो.

काळी माती

पावसाळ्यात पँटच्या घडीवर बसलेला काळ्या मातीचा चिखल ओला असताना घासणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ही माती अतिशय बारीक कणांची असते. ओली असताना चोळली, की ती धाग्यांच्या आत जाऊन बसते. कपडा तसाच वाळू द्यावा. माती सुकून तडकते, तेव्हा कपडा अंगणात झटकावा, घडी उलगडून कोरड्या ब्रशने उरलेली माती काढावी आणि मग साध्या पाण्यात भिजत घालावा. गढूळ झालेले पाणी दोन-तीन वेळा बदलावे. पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरच डिटर्जंट घालावा.

उरलेले डाग

बॉलपेनच्या शाईखाली फडके ठेवून वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर टिपत राहावे आणि खालचे फडके सारखे बदलत राहावे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना उडालेला ऑइलपेंट वाळण्याआधीच टर्पेंटाइनने पुसावा, कारण वाळलेल्या रंगापुढे घरगुती उपाय चालत नाहीत. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या वंगणावर आधी थोडे खोबरेल तेल मुरवावे, मग भांड्यांचे लिक्विड लावावे. टर्पेंटाइन, स्पिरिट आणि रॉकेल चुलीपासून व गॅसपासून दूर, मोकळ्या हवेतच वापरावे, आणि असा कपडा आधी हाताने नीट धुतल्याशिवाय मशीनमध्ये टाकू नये.

लोखंडी तारेवर कपडे वाळवल्याने पडलेल्या गंजाच्या डागावर मीठ पसरून लिंबू पिळावे, उन्हात ठेवावे आणि ओलावा टिकवून तासाभराने धुवावे. गंजावर क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नये, त्याने डाग आणखी पक्का होतो.

क्लोरीनच्या ब्लीचविषयी आणखी एक सूचना जिवाशी संबंधित आहे. ते व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रावण यांत मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद न्हाणीघरात प्राणघातक ठरू शकतो. एक उपाय करून झाल्यावर कपडा भरपूर पाण्याने खळबळून घ्यावा आणि मगच दुसरा हाती घ्यावा. कपड्याच्या आतल्या पट्टीवर त्रिकोण असून त्यावर फुली मारलेली असेल, तर त्या कपड्याला ब्लीच चालत नाही. गोल चिन्हाचा अर्थ ड्रायक्लीनशी संबंधित असतो.

रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनांची बनलेली आहेत. प्रथिनांचे डाग पचवणारी एन्झाइमयुक्त पावडर त्यांच्या धाग्यांवरही परिणाम करते, आणि ब्लीचने तर धागा विरतो. घरात धुता येण्याजोग्या रेशमी कपड्यासाठी रिठ्याचे कोमट पाणी योग्य असते. जरीच्या साडीवर काही सांडले, तर कोरड्या फडक्याने फक्त टिपावे, त्यावर काहीही लावू नये आणि साडी शक्य तितक्या लवकर ड्रायक्लीनरकडे द्यावी. देताना डाग कशाचा आहे आणि त्यावर आधी काही लावले आहे का, हे त्याला स्पष्ट सांगावे, कारण त्यावरूनच तो कोणते द्रावण वापरायचे ते ठरवतो.